भोकांमधलं अंतर

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या दुकानातले रॅक रिकामे व्हायचे. एरवी त्यांच्यावर काडेपेट्या, अगरबत्त्या, साबणाच्या वड्या असा बारीक माल असायचा. दिवाळीला पंधरा किलोचे तेलाचे डबे यायचे आणि ते दोन फळ्यांमधल्या जागेत मावायचे नाहीत. मग अण्णा दहा-अकराचा पाना काढायचे, मी स्टुलावर चढून बोल्ट धरायची आणि फळी चार भोकं वर जायची. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा चार भोकं खाली. रॅक स्लॉटेड अँगलचे, म्हणजे ओळीने भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे होते, राखाडी रंगाचे. महाराष्ट्रात कुठल्याही वाण्याच्या, औषधवाल्याच्या किंवा पुस्तकवाल्याच्या दुकानात मागच्या अंगाला गेलात तर हेच रॅक दिसतील. अण्णांनी काही पट्ट्या १९८०च्या सुमारास घेतल्या होत्या, काही पंधरा वर्षांनी दुसऱ्याच दुकानातून, आणि दोन तर बंद पडलेल्या एका छापखान्याच्या सामानातून. सगळ्या एकमेकींना जोडता यायच्या. "भोकांमधलं अंतर सारखं आहे, मग अडचण कसली?" अण्णा म्हणायचे.

ही पट्टी डेमेट्रियस कोमिनो नावाच्या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डेक्सियन या नावाने विकायला आणली, हे मला खूप उशिरा कळलं. तो छापखाना चालवायचा. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण माझाही धंदा छपाईच्या अलीकडच्या दाराचाच.

२००२ साली माझा पहिला कॉम्प्युटर आला. डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचा, कोर्स झाला होता, लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायची होती, आणि अण्णांनी दुकानामागची खोली मोकळी करून दिली होती. मशीन असेंबल केलं सांगलीतल्याच एका दादांनी. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि हे सगळं पोटात घेणारं बदामी रंगाचं पत्र्याचं कॅबिनेट, आत वीज पुरवणाऱ्या डब्यासकट, म्हणजे एसएमपीएससकट, साडेबाराशे रुपयांना. आमच्याकडे त्या अख्ख्या खोक्याला सीपीयू म्हणतात. दसऱ्याला हळदकुंकू त्यालाच लागतं, झेंडूची माळ त्यालाच घातली जाते. कॅबिनेट म्हणजे नुसतं वेष्टण असं कॉम्प्युटरवाले म्हणत असतील, पण घरातल्या माणसांच्या लेखी तेच यंत्र असतं. आतलं कोण बघतं?

मॉड्युलर हा शब्दही मी पहिल्यांदा त्याच खोलीत वाचला. श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचं नाव मॉड्युलर इन्फोटेक. मराठी डीटीपी करणाऱ्या माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी हा शब्द पत्रिकेतल्या श्रीगणेशाइतका रोज पाहिला आणि त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

दादा काम करताना बोलायचे, आणि मी बाजूला उभी राहून ऐकायची. आधीच्या, एटी नावाच्या जुन्या मापाच्या कॅबिनेटच्या काळात पॉवरचे दोन वेगळे प्लग असायचे, पी-८ आणि पी-९. ते उलटसुलट लागले की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिला जोडतात ती मुख्य पाटी, गेलाच. म्हणून असेंबल करणाऱ्यांचं पाठांतर ठरलेलं होतं, "काळी-काळी शेजारी." दोन्ही प्लगांच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींलगत आल्या की बरोबर. माझं मशीन एटीएक्स या नव्या मापाचं होतं, त्याला एकच मोठा प्लग. मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्या, म्हणजे स्टँडऑफ, त्यांनी मला मोजायला लावल्या. बोर्डाला जेवढी भोकं, तेवढ्याच खुंट्या. एखादी जास्तीची राहून गेली तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते आणि शॉर्ट होतं. कॅबिनेटच्या पत्र्याला भोकं मात्र बोर्डापेक्षा कितीतरी जास्त. ती कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "पुढच्या बोर्डासाठी."

दादांचं ते उत्तर किती खोल आहे हे कळायला मला दहा वर्षं लागली. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्सचं माप जाहीर केलं. पूर्ण बोर्ड ३०५ बाय २४४ मि.मी., खुंट्यांच्या जागा ठरलेल्या, मागच्या बाजूच्या पोर्टांसाठी ठरलेल्या मापाची चौकट, कार्डांच्या दोन खाचांमधलं अंतर ०.८ इंच. पुढे मायक्रो एटीएक्स आला, २४४ बाय २४४. मग २००१ मध्ये व्हिया कंपनीचा मिनी आयटीएक्स, १७० बाय १७०. बोर्ड लहान होत गेले, पण त्यांची भोकं मोठ्या बोर्डाच्याच जाळीत बेतलेली राहिली, त्यामुळे तळहातापेक्षा थोडा मोठा मिनी आयटीएक्स बोर्डही जुन्या ढोल्या कॅबिनेटमध्ये ठाकठीक बसतो. माझ्या साडेबाराशेच्या पत्र्याने तीन बोर्ड पाहिले. २००२चा, २००७चा आणि २०१२चा. तीन पिढ्यांच्या सुना एकाच स्वयंपाकघरात नांदल्या, आणि कुणी भिंत पाडली नाही.

तरी त्या खोक्याचे मी पोवाडे गाणार नाही. त्याच्या कडा घासलेल्या नव्हत्या. मागची पोर्टांची पातळ पट्टी बसवताना बोट कापलं नाही असं एकदाही झालं नाही. कार्डांच्या खाचांवर जी पत्र्याची झाकणं होती ती अर्धवट कापलेली, पिळून तोडायची. एकदा तोडली की पुन्हा लावता येत नाहीत. मी हार्डवेअर लॉकसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या किल्लीसाठी, प्रिंटर पोर्टचं कार्ड घातलं, ते पुढे काढलं आणि तिथे बोटभर फट राहिली. त्या फटीतून पाल आत गेली. एका पावसाळ्यात उंदरानेही वाट शोधली आणि हार्ड डिस्कची वायर कुरतडली. उन्हाळ्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकला की खोक्याची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावायचा, आणि मग तो फॅन रस्त्यावरची सगळी धूळ इमानेइतबारे आत ढकलायचा.

म्हणून २०१७ मध्ये पुस्तकांच्या मांडणीबरोबर व्हिडिओ एडिटिंगचं काम सुरू झालं, तेव्हा मी ठरवलं की आता कॅबिनेटही चांगलंच घ्यायचं, आणि मॉड्युलर घ्यायचं, म्हणजे आतले भाग सुटे करून हवे तसे लावता येतील असं.

असल्या कॅबिनेटचं वेड तेव्हा नवं नव्हतं. कूलर मास्टर कंपनीच्या २००४च्या स्टॅकर या कॅबिनेटची पुढची बाजू वरपासून खालपर्यंत सव्वापाच इंची खणांचीच होती. सीडी ड्राइव्ह कुठे, पंखा कुठे, हार्ड डिस्क कुठे, हे घेणाऱ्यानं ठरवायचं. त्याच कंपनीने २०१५ मध्ये मास्टरकेस ५ आणलं. त्याचं छत, दर्शनी भाग, आतले पिंजरे हे सगळं सुटं, वेगळं विकत मिळणारं, पुढेमागे बदलता येणारं. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनची डिफाइन मालिका, तैवानच्या लियान लीची ॲल्युमिनियमची खोकी, असं पुष्कळ मी पडद्यावर रात्र-रात्र न्याहाळलं. दागिन्यांच्या पेढीच्या काचेला नाक लावून उभं राहावं तसं. आमच्या गावात यातलं काही हाताळायला मिळत नव्हतं. शेवटी जे घेतलं त्याचं नाव सांगत नाही. साडेबाराशेच्या जागी बारा हजार गेले, त्यात एसएमपीएस नाही, आणि खोकं रिकामंच तेरा किलो.

पण ते उघडलं त्या दुपारबद्दल मला सांगितलंच पाहिजे.

स्क्रू वेगवेगळ्या लहान पिशव्यांत होते, प्रत्येक पिशवीवर अक्षर. प्रत्येक कड दुमडलेली, कुठेही हात फिरवावा. कार्डांच्या खाचांवरची झाकणं स्क्रूने लावलेली, काढा, ठेवा, पुन्हा लावा. पालीची वाट बंद. हार्ड डिस्कचे ट्रे हाताने ओढले की बाहेर, ढकलले की टक् करून आत. त्यांचे दोन पिंजरे, वर हवे तर वर, तळाला हवे तर तळाला, नको असतील तर काढून कपाटात. पंख्यांसमोरच्या जाळ्या खालून सरकत बाहेर येणाऱ्या, नळाखाली धुवायच्या. वायरी मदरबोर्डाच्या पाठीमागून नेण्यासाठी रबराच्या ओठांची छिद्रं. कुणीतरी, कुठेतरी, माझ्या हाताचा विचार करून हे बनवलं होतं. कॉम्प्युटरच्या दुकानात गेलं की आजवर सगळे माझ्या भावाशी बोलायचे. तो दुधाच्या डेअरीत नोकरीला आहे आणि त्याला यातलं काही कळत नाही, पण समोरचा माणूस त्याच्याकडेच बघून बोलायचा. त्या दुपारी मी मशीन एकटीने उभं केलं. खुंट्या मोजल्या, नऊच्या नऊ. रात्री साडेनऊला पंखे फिरले तेव्हा मी अण्णांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून आत पाहिलं, पिंजरा ज्या उभ्या पट्टीवर सरकत होता तिच्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "रॅकच आहे की हा."

मला वाटतं या कॅबिनेटची ओढ लागते ती इथेच. माणसाला उद्याचं माहीत नसतं, आणि बहुतेक वस्तू विकत घेतानाच उद्याचं उत्तर मागतात. किती खणांचं कपाट? किती लिटरचा फ्रिज? एकदा सांगितलं की ते दहा वर्षं बदलायचं नाही. मॉड्युलर खोकं म्हणतं, आज जेवढं ठाऊक आहे तेवढं सांग, उरलेलं नंतर बघू. ज्याच्या हाती पैसा टप्प्याटप्प्याने येतो त्याला हे वचन फार मोलाचं वाटतं. माझं प्रत्येक मशीन असंच वाढलं आहे. एका दिवाळी अंकाच्या कामातून रॅम, दुसऱ्यातून हार्ड डिस्क.

आणि वचन एकदा तरी पाळलं गेलं. पडद्यावरचं चित्र घडवणारी ग्राफिक कार्डं लांब होत चालली आहेत. २०२२च्या आरटीएक्स ४०९०ची एनव्हिडियाची स्वतःची आवृत्ती ३०४ मि.मी. लांब आणि ६१ मि.मी. जाड आहे, म्हणजे एकटीच तीन खाचांची जागा खाणारी. एवढं मोठं कार्ड माझ्या कामाला नको, परवडणारही नाही, पण २०१८ मध्ये घेतलेलं माझं कार्डही जुन्या पत्र्याच्या खोक्यात हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला थडकलं असतं. तिथे पिंजरा रिव्हेटने ठोकलेला होता, कापल्याशिवाय हलला नसता. इथे मी वरचा पिंजरा काढला, खाली लावला आणि पाच मिनिटांत कार्ड बसवलं.

हे एकदाच झालं. हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर पहिल्या तीन महिन्यांत मी आतली मांडणी चार वेळा बदलली, ती बदलता येते म्हणून. पुढच्या दोन वर्षांत एकदा, या कार्डासाठी. या कॅबिनेटच्या किमतीतला मोठा वाटा अशा हालचालींसाठी असतो ज्या बहुतेक लोक कधीच करत नाहीत. शिवाय प्रत्येक सुटा सांधा हा आवाजाचाही सांधा असतो. रिव्हेटने ठोकलेला पत्रा मुका राहतो. सरकता पिंजरा, चिमटीत बसणारा ट्रे, चुंबकाने चिकटणारी जाळी हे सगळं हार्ड डिस्कच्या थरथरीला साथ देतं. रात्री शांततेत मी मजकूर तपासत असायची तेव्हा एक बारीक किणकिण यायची, आणि ती कुठून येते हे शोधण्यात कित्येक रात्री गेल्या. वरच्या जाळीखाली पुठ्ठ्याची घडी घातली तेव्हा थांबली.

सांधा वाढला की धोकाही वाढतो, आणि तो नुसत्या किणकिणीपुरता नसतो. ग्राफिक कार्ड उभं किंवा वेगळ्या कप्प्यात बसवायचं असेल तर मदरबोर्डापासून तिथवर रायझर नावाची पट्टी न्यावी लागते. २०२१ मध्ये अमेरिकेत एनझेडएक्सटी या कंपनीच्या एच-१ या लहान कॅबिनेटचे सुमारे ३२ हजार नग परत मागवावे लागले. रायझर खोक्याला जोडणाऱ्या स्क्रूंमुळे शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता. दोन स्क्रू, बस. दादांनी मोजायला लावलेल्या खुंट्यांची आठवण झाली.

ऑगस्ट २०१९. सांगलीकराला नुसता महिना सांगितला तरी पुरतं. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा वीज आधीच बंद केली होती. खोलीत अंधार, पायाशी घोटाभर पाणी, आणि टेबलाखाली माझं कॅबिनेट. आतलं सामान धरून ते अठरा-एकोणीस किलो भरत असेल, आणि एका बाजूला काच. मी आणि भाऊ, दोघांना मिळून ते जिन्यावरून नेणं जमलं नसतं, कारण जिन्यावर शेजारच्या दोन घरांचं सामान आणि माणसं होती. त्या क्षणी मला त्या वजनाचा इतका राग आला की आजही तो आठवतो. जुनं पत्र्याचं खोकं मी एकटीने काखोटीला मारून वर नेलं असतं.

पण त्याच क्षणी मी दर्शनी भाग ओढला, तो हातात आला. ट्रे चाचपले. एक, दोन, तीन. अंधारात, पेचकस न लागता तीनही हार्ड डिस्क बाहेर आल्या. सतरा वर्षांचं काम, लोकांच्या पुस्तकांच्या फाइली, दोन माणसांच्या आत्मचरित्रांची एकमेव प्रत, सगळं भाजीच्या पिशवीत घालून मी गळ्यात अडकवलं. रिव्हेट आणि स्क्रूंच्या खोक्यात हे झालं नसतं. ज्या रचनेनं खोकं जड केलं, त्याच रचनेनं डिस्क सोडवून दिल्या. दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात माझ्या हाताला कळल्या, म्हणून आजही या कॅबिनेटबद्दल कुणी विचारलं तर माझ्या तोंडून एकच एक उत्तर येत नाही.

कॅबिनेट आम्ही उचलून अण्णांच्या रॅकवर चढवलं. दुकान बंद झाल्यावर एक रॅक माझ्या खोलीत आला होता, साडेसहा फुटी. वरच्या फळीवरची पुस्तकं खाली टाकली आणि तिथे ते ठेवलं. पाणी खोलीत कमरेच्या वर चढलं, आठवडाभर राहिलं. परत आलो तेव्हा भिंतीवर रेघ होती, टेबल फुगून उलटं पडलं होतं, पुस्तकांचा लगदा झाला होता, आणि रॅक उभा होता. अँगल गंजले, पण एकही बोल्ट सुटला नव्हता. कॅबिनेट जिथे ठेवलं तिथेच, धुळीसकट कोरडं.

तळाचा पिंजरा मात्र हरवला. घाईत तो मोकळा होऊन जमिनीवर राहिला असणार, गाळाबरोबर उपसला गेला. तीनपैकी एका ट्रेचा प्लॅस्टिकचा कान पिशवीच्या दाबाने मोडला. मशीन सुरू झालं, ग्राफिक कार्डाला धक्का नाही, पण डिस्क ठेवायला जागा नाही. पिंजरा आणि ट्रे सहज मिळतील असं समजून मी आयातदाराला लिहिलं. उत्तर आलं, हे मॉडेल बंद झालं आहे, सुटे भाग मिळणार नाहीत. त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचा पिंजरा मागवून पाहिला. पट्टीवरच्या खाचा तीन मि.मी.नी वेगळ्या. बसला नाही. दोन वर्षांत त्यांनी स्वतःचंच माप बदललं होतं.

आईच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात. त्यातली एक हरवली की भांड्यांच्या बाजारात अगदी तशीच दिसणारी वाटी मिळते, पण ती एक तर आत सैल खुळखुळते किंवा झाकण लागू देत नाही. डबा वाट्यांचा असला तरी वाट्या फक्त त्या डब्याच्या. माझ्या कॅबिनेटचं तेच झालं होतं. मदरबोर्डाची भोकं जगाची, पंख्यांची भोकं जगाची, आणि ज्याच्यासाठी मी बारा हजार मोजले ती सुटी-जोडती सगळी रचना एका कंपनीच्या एका वर्षाची.

हे फक्त स्वस्तातल्यांचं दुखणं नाही. कॅलिफोर्नियात केसलॅब्ज नावाची लहान कंपनी होती. ॲल्युमिनियमची कॅबिनेटं बनवायची. गिऱ्हाइकानं दार कुठल्या बाजूला, खिडकी किती, तळाला जोडखोकं हवं का हे सांगायचं, आणि त्याप्रमाणे पत्रा कापला जायचा. या छंदातले लोक त्यांचं नाव आदराने घ्यायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. आयात शुल्कामुळे कच्च्या मालाच्या किमती चढल्या होत्या आणि एका मोठ्या ग्राहकाने पैसे थकवले होते. ज्यांनी आज खोकं घेतलं होतं, जोडखोकं पुढच्या वर्षी घेऊ म्हणून, त्यांचा पुढचा भाग कंपनीबरोबर गेला. मॉड्युलर वस्तू विकत घेताना आपण बनवणाऱ्याचं आयुष्यही त्यात धरतो, आणि ते कुठे छापलेलं नसतं.

मोठमोठ्या कंपन्यांनी तर याहून पुढची स्वप्नं दाखवली. २०१४ च्या जानेवारीत रेझरने प्रोजेक्ट ख्रिस्टीन दाखवलं. मधोमध कणा, आणि त्याला झाडाच्या फांद्यांसारखे लावायचे कप्पे, एकात प्रोसेसर, एकात ग्राफिक, स्क्रू नाही, वायर नाही. ते बाजारात आलंच नाही. पुढच्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात एसरने रेव्हो बिल्ड मांडलं, चुंबकाने एकावर एक रचायच्या चौकोनी वड्या. त्यांची रचना रूढ झाली नाही. मला त्या दोन्हींबद्दल वाईट वाटतं, ती चित्रं पाहून मीही हरखले होते. पण त्यांच्या कप्प्यांत दुसऱ्या कुणाची वस्तू बसणार नव्हती. १९८१च्या आयबीएम पीसीला पाच खाचा होत्या आणि त्यांचं तांत्रिक वर्णन छापून उपलब्ध होतं, म्हणून जगभरच्या लहान कंपन्या त्यात कार्डं घालू शकल्या. खाच सुंदर होती म्हणून तसं झालं नाही.

२०२५ मध्ये फ्रेमवर्क या कंपनीनं लहानसा डेस्कटॉप जाहीर केला, साडेचार लिटरचा. लॅपटॉपचा प्रत्येक भाग ज्याचा त्याला बदलता यावा म्हणून या लोकांनी फार मोठं काम केलं आहे आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. या डेस्कटॉपच्या दर्शनी भागावर २१ छोट्या फरशा आहेत, हव्या त्या रंगाच्या बसवायच्या, थ्रीडी प्रिंटरवर स्वतःही बनवायच्या. आतला बोर्ड मिनी आयटीएक्स मापाचा, म्हणजे भोकं जगाची, हे उत्तमच. पण रॅम बोर्डावर झाळलेली, नंतर वाढवता न येणारी. त्याला कारण आहे, आतल्या प्रोसेसरच्या चिपला लागणारा वेग सुट्या रॅमच्या पट्ट्यांनी मिळत नव्हता. कारण मान्य केलं तरी मला रुखरुख लागली. बाहेरच्या फरशा बदलतील आणि आतली पट्टी बदलणार नाही, ही उलटी वाट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीस वर्षांत मी कॅबिनेटचा रंग बदलावा म्हणून एकदाही झुरले नाही. रॅमसाठी झुरले आहे.

माझ्या ट्रेचं काय झालं ते राहिलंच. गावभागात एक फॅब्रिकेशनवाले मामा आहेत. खिडक्यांची ग्रिलं, दुकानांची शटरं, गणपतीच्या मांडवाचे सांगाडे करतात. त्यांच्याकडे मोडका ट्रे घेऊन गेले. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "ताई, याची नक्कल करून काय करायचं? हा तर मोडणारच. काय बसवायचंय ते सांगा." मी हार्ड डिस्क दिली. साडेतीन इंची म्हणतात, पण रुंदी १०१.६ मि.मी., म्हणजे बरोबर चार इंच, मग ती कुठल्याही कंपनीची असो. आणि बसवायची कुठे? मी मोबाइलवर कॅबिनेटचा आतला फोटो दाखवला. त्यांनी बोट ठेवलं ते पिंजऱ्याच्या खाचांवर नव्हे, तळाच्या पंख्याच्या चार भोकांवर. तिथे मी पंखा लावलेला नव्हता. १२० मि.मी.च्या पंख्याची भोकं १०५ मि.मी. अंतरावर असतात, हेही जगाचं माप. कंपनीच्या खाचा त्यांनी विचारातच घेतल्या नाहीत.

वीस गेजचा पत्रा, दोन बाजूंना अर्धा इंच दुमडलेला. खाली १०५ वर चार भोकं, वर डिस्कच्या तळाची भोकं. तिथे एक अडचण आली. जुन्या डिस्कच्या तळाला मधली जी भोकं असतात, ती माझ्या नव्या मोठ्या क्षमतेच्या डिस्कला नव्हती, ती सरकवून थोडी पलीकडे दिली होती. म्हणजे जगाचं मापही अगदी दगडावरची रेघ नाही. मामांनी दोन्ही जागी भोकं पाडली. "उद्या जुनी लावली तर?" तीन प्लेटांचे साडेचारशे रुपये घेतले आणि कडा कानसून दिल्या, मी न सांगता.

स्क्रूंसाठी माळ्यावरून जुनं बदामी खोकं काढलं. ते वर होतं म्हणून पुरातून वाचलं. कॉम्प्युटरचे स्क्रू दोन जातींचे. बारीक आट्यांचे एम-३, आणि जाड आट्यांचे, इंचाला ३२ आटे असलेले. हार्ड डिस्कला जाड लागतात. २००२चे स्क्रू, थोडे काळवंडलेले, २०१९च्या डिस्कमध्ये पहिल्या फेरीलाच धरले. डिस्कखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या, त्यामुळे किणकिण गेली ती गेलीच. गेली काही वर्षं त्या प्लेटांवर रंग नाही, एका कोपऱ्याला गंजाचा ठिपका आहे, आणि दर दसऱ्याला ब्लोअरने धूळ काढताना मी एकेक स्क्रू तपासते. आजवर एकही सैल झालेला नाही. जड, काचेचं, मोडक्या सरकपट्ट्यांचं ते कॅबिनेट मी टाकलेलं नाही, टाकणारही नाही. त्याची झाकणं अजून घट्ट बसतात आणि जाळ्या अजून नळाखाली धुता येतात.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिलं मशीन स्वतः असेंबल करणार आहे. चार कॅबिनेटचे फोटो पाठवले होते. एकाला समोर लाकडाच्या पट्ट्या, एकाला दोन बाजूंनी काच, एकाचं सगळं सुटं होणारं, पंखे निळे-जांभळे. "मावशी, यातलं कुठलं घेऊ? तिसरं फुल मॉड्युलर आहे."

फोटो सुंदर होते, मी प्रत्येक मोठा करून पाहिला. मग लिहिलं, "चारही छान दिसतात रे. आता आतून काढलेले फोटो पाठव, पंखे न लावता. भोकं दिसली पाहिजेत."